उन्हातली वाकळ

कलबुर्गी,
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दाजी आणि अक्का,

शिवप्रसादचा नमस्कार. फोन असताना हा कागद का लिहितो, असं वाटेल. दाजी, फोनवर तुम्हाला ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि आमच्या सरकारी कॉलनीतल्या भिंती एका विटेच्या आहेत. जे लिहायचं आहे ते भिंतीपलीकडे जायला नको, कारण पलीकडे तुमची रेणुकाच राहते. म्हणून पाकीट उदगीरच्या बसमध्ये ओळखीच्या कंडक्टरकडे देतोय.

रेणुकाला ही खोली मामा म्हणून मीच मिळवून दिली. जावई सोमशेखर सेंट्रिंगच्या कामावर हैदराबादला. रेणुका माझ्याच डाळमिलमध्ये निवडणीला येते, मी पोती शिवतो. तिच्या लेकीला, अंबिकाला, सहावं सरून सातवं लागेल आता. कन्नड शाळेत पहिलीला जाते, मला अज्जा म्हणते.

पहाटे मी पूजेला बसलो की पलीकडे अंबिका रडते. लेकराचं हट्टाचं रडणं हळूहळू वर चढतं. हे तसं नाही. एकदम उठतं आणि एकदम थांबतं. मी घंटी वाजवतो. परवा लक्षात आलं, आरती संपली तरी मी वाजवतच होतो.

लेकरू अंथरूण ओलं करतं, हे सगळ्या जिन्याला माहीत आहे. गच्चीला कुलूप असतं, खोलीत ऊन येत नाही, त्यामुळे वाकळ जिन्याच्या कठड्यावर टाकावी लागते. खालचा लिंगराज रोज म्हणतो, "मामा, आपल्या जिन्यात कुणीतरी बाग लावलीय. सकाळच्याला पाणी पडतंय बघा." रेणुका खाली बघून वाकळ पसरते. वाकळ उसवली म्हणून दिवाळीत माझ्याकडून दाभण मागून नेला. तिचा चेहरा सुकलाय.

गेल्या रविवारी अंगणवाडीच्या ज्योत्स्नानं पाण्याच्या टाकीखाली आई-बापांना बोलावलं होतं. लेकरांचा छळ म्हणजे काय, तुम्हीच सांगा, म्हणाली. लिंगराज उठला, "माझं पोर, माझा हात. शेजाऱ्यानं मारलं तर छळ." ज्योत्स्नाची आई भागाबाई तिथंच बसलेली. ती लेकीलाच म्हणाली, "तुला कोंडून मी कामाला जात होते. कोंडू न्हाई तर काय डोक्यावर घिऊन डाळ निवडू? त्यो बी छळच का?" ज्योत्स्ना नुसती हसली. एक जण म्हणाला, उपाशी ठेवणं पाप, मारणं वळण. रेणुका मागं बसून अंबिकाच्या केसातून हात फिरवत होती.

एवढंच मागणं आहे की अंबिकाला थोडे दिवस कमलनगरला बोलावून घ्या. मी लिहिलं असं रेणुकाला कळू देऊ नका.

तुमचा,
शिवप्रसाद


कमलनगर,
१९ नोव्हेंबर २०२४

शिवप्रसाद,

आशीर्वाद. कंडक्टर पाकीट देऊन वर चहा पिऊन गेला, म्हणजे तुझा कागद बैरंगच पडला म्हण.

अरे, लेकरू रडलं ह्यात लिहायसारखं काय हाय? माझ्या बापानं मला कासऱ्यानं बडवलंय. म्हणून तर दोन एकराचं चार एकर केलं. आजकालची पोरं मोबाइल हिसकावला तरी बोंबलतात. तुला स्वतःचं लेकरू असतं तर कळलं असतं. तू आपली जपमाळ ओढ, भिंतीला कान कामून लावायलास?

पण एक खरं सांग. जावई आलाय का घरी? हात त्याचाच असणार. त्याचा चेहरा मला लग्नातच पटला नव्हता. तूच म्हणालास, दाजी, पोरगा निर्व्यसनी हाय. तसं काही असंल तर सांग, चार माणसं घेऊन येतो आणि निर्व्यसनी माणसाला बी झिंगायला लावतो.

अंबिकाला बोलवायचं म्हणशील तर शाळा चालू हाय. आणि लेकीचं लेकरू माहेरी आणून ठेवलं की गावात उठतं, लेक टाकली म्हणून. ते जमायचं न्हाई.

अंथरुणाचं तर सोडूनच दे. त्याचा उपाय तुझ्या अक्कानं दिवाळीतच रेणुकाला सांगितलाय. भालकी-औरादकडून बाया लेकरं घेऊन हिच्या दारात येतात, तुला माहीत हाय. अंबिका तर घरचीच. होईल बरी.

अंकुशराव


कलबुर्गी,
२८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दाजी, अक्का,

मला लेकरू नाही हे खरं आहे. त्याबद्दल मी देवाशी पूर्वीच बोललोय, तुमच्याशी बोलत नाही.

रविवारी टाकीवर पाणी भरत होतो. अंबिका पाय धुवायला आली. सलवार वर केली तर पोटरीवर डाग दिसले. मी विचारलं, "हे काय गं बाळा?" ती म्हणाली, "औषध हाय, अज्जा." मागून रेणुका आली. "आईनंच सांगितलं, मामा. अंथरुणासाठी. तापलेल्या दाभणाचा डाग द्यायचा. तुमच्या बी बेंबीपाशी हाय की, पोट फुगलं व्हतं तवाचा."

आहे खरा. आपल्या आईनं दिलेला. अक्का, मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. म्हणजे रडणं औषधाचं होतं. मी उगाच काहीबाही मनात आणलं.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना आली. तिलाही पोटरी दिसली होती. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं. मी सांगितलं, "आमच्या घरची रीत आहे. तिची आजीच डाग देते, लांबून लोक येतात." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताव म्हणून, मामा." आणि गेली.

ती गेल्यावर मात्र माझं मन स्वस्थ राहिलं नाही. काही डाग जुने होऊन काळे पडले होते, काहींवर खपली होती, एक ओला होता. औषध एकाच दिवशी दिलं तर सगळे सारखे दिसायला हवेत ना? आणि आज पहाटे पुन्हा तेच रडणं, तसंच एकदम थांबलेलं.

दाजी, जावई दिवाळीनंतर आलेलाच नाही. हात त्याचा नाही. यापुढचं वाक्य माझ्यानं लिहवत नाही, तुम्ही समजून घ्या.

अक्का, हे मी फक्त तुला विचारू शकतो. डाग किती वेळा देतात?

शिवप्रसाद


कमलनगर,
४ डिसेंबर २०२४

शिवप्रसाद,

तुझा कागद वाचून दाखवला. तुझी अक्का भाकरी थापायलती. तवा तसाच राहिला, भाकरी जळाली, तरी ती उठंना.

ती म्हणते, डाग एकदाच. तान्ह्याला, पोटावर, एकदाच. लागू पडला तर देवाची दया, न्हाई पडला तर दवाखाना. एकाच लेकरासाठी दुसऱ्यांदा दाभण तापवायचा न्हाई, ही तिच्या सासूनं तिला घातलेली शपथ हाय. रेणुकाला बी तिनं एकदाच द्यायला सांगितलं होतं. मोठ्या लेकराला कामून सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणते, ती फोनवर रडायली, वास येतोय म्हणून लोक बोलायलेत म्हणाली, माझ्याकडं दुसरं काय होतं द्यायला?

परवा आम्ही रेणुकाला फोन लावला. अंबिका बोलली, कन्नड गाणं म्हणून दाखवलं. चांगली हसायली. तेव्हा तू म्हणतोस तितकं नसंल.

तूर कापणीला आलीय, माणसं मिळंनात. आठ दिवसांत मोकळा होऊन येतो. आल्यावर मीच बघतो. तोवर त्या ज्योत्स्नाच्या कानावर काही घालू नको. एकदा का सरकारी लोक दारात आले की जावई रेणुकाला नांदवायचा न्हाई. तू तिचा मामा हाईस, तूच तिला मांडवात आणलंस. घरातलं घरात ठेव. तुला अक्काची शपथ हाय.

अंकुशराव


कलबुर्गी,
९ डिसेंबर २०२४

दाजी, अक्का,

शपथ मोडली. आधी ते सांगतो, मग बाकीचं.

शुक्रवारी पहाटे दिवा लावला, घंटी हातात घेतली आणि पलीकडून आवाज आला. घंटी खाली ठेवली. बाहेर जाऊन रेणुकाचं दार वाजवलं.

"रेणुका, दार उघड."

"मामा, पूजा करा तुमची."

"दार उघड म्हणतो."

मी दारावर थापा मारत राहिलो. सहा डिसेंबर, भागाबाई पांढरं लुगडं नेसून पुतळ्याला हार घालायला निघाली होती, जिन्यात थांबली. "काय झालं वो?" अजूनही मी काही नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो, "लेकराला भाजायलीय." आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी बोललो नसेन. लिंगराज पहार घेऊन वर आला. माझं पोर माझा हात म्हणणारा तोच. त्यानं दाराला खांदा लावला, तेवढ्यात रेणुकानं कडी काढली.

शेगडीवर दाभण होता. मागच्या टोकाला सुतळी गुंडाळलेला. ती मीच गुंडाळली होती, हाताला बोचू नये म्हणून.

अंबिका ओल्या वाकळीवर बसली होती. वाकळीचं टोक तिच्या तोंडात होतं. भागाबाईनं ते काढलं. लेकरू हळूच म्हणालं, "अज्जाची पूजा चालू हाय. आवाज करायचा न्हाई."

अक्का, तेव्हापासून मी देवापुढं बसतो आणि तसाच उठतो.

रेणुका पळाली नाही, भांडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "मामा, आईचा उपाय लागू पडंना. पहिल्यांदा दिला, चार दिवस अंथरूण कोरडं राहिलं. मंग परत. वाटलं, कमी पडला. परत दिला, परत कोरडं. मी रोज पहाटं उठून आधी वाकळीला हात लावते, मामा. ओली लागली की माझ्या डोक्यात काय व्हतंय मला कळत न्हाई." लिंगराज म्हणाला, "पट्ट्यानं मी बी मारतो पोराला, पण हे..." तो पहार घेऊन खाली गेला.

ज्योत्स्ना आली. मी तिला सांगितलं, मी तुला खोटी हमी दिली होती. ती म्हणाली, "मामा, तुमच्याकडं बघून मी गप्प बसले. दुसरं कुणी असतं तर बसले नसते." तिनंच लेकरांच्या हेल्पलाइनला फोन केला. लेकराला सरकारी दवाखान्यात नेलं, मलमपट्टी झाली. आता अंबिका मुलींच्या वसतिगृहात आहे. रेणुकावर गुन्हा नोंदला, जामिनावर सुटली. मिलनं कामावरून काढलं. भागाबाईनं तिला आपल्या खोलीत झोपायला घेतलंय, एकटी ठेवायला नको म्हणून.

लेकरू कुणाकडे द्यायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढं मला बोलावलं होतं. जवळचं कोण आहे, विचारलं. मी आजी-आजोबांचं नाव सांगितलं. तिथल्या बाईनं पुढं विचारलं, "डाग देणारी आजी ती हीच का?"

पंधरा दिवसांपूर्वी ज्योत्स्नाला मी तेच अभिमानानं सांगितलं होतं. या वेळी नुसतं हो म्हणालो. त्यांनी विचारलं, अजून देतात? मी म्हणालो, देतात.

आता त्यांची माणसं तुमचं घर बघायला येतील. ज्या घरात डाग देतात त्या घरी लेकरू द्यायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. तुम्ही नाही म्हणालात तर अंबिका वसतिगृहातच राहील, किती वर्षं ते कुणी सांगत नाही. अक्का, लोक तुझ्या पाया पडतात, तुला देवीसारखं मानतात, हे मला ठाऊक आहे. मी तुला काय कर म्हणणार?

शिवप्रसाद


कमलनगर,
१७ डिसेंबर २०२४

शिवप्रसाद,

तुझा कागद आला त्या दिवशी मी तुला काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहीत न्हाई. तुझ्या अक्कानं ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "संपल्या असतील तर तुरीचं काय करायचं ते बघा." तूर उभीच शेजारच्या गुरप्पाला वाट्यानं देऊन टाकली. आठ दिवस थांब म्हणालो होतो ना मी. त्या आठ दिवसांचं मला आता कुणी काही विचारू नये.

बिदरवरून दोन बाया आल्या. घर बघितलं, न्हाणी बघितली, लेकरू कुठं झोपंल विचारलं. मग डागाचं विचारलं. अक्कानं लपवलं न्हाई. उलट त्यांनाच म्हणाली, "माझ्या हातानं शंभर लेकरं जगली." त्यातली एक बाई म्हणाली, "असतील. अंबिकाचं काय?" अक्का उठून चुलीपाशी गेली.

त्या म्हणाल्या, आठवड्यानं परत येतो.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं लिहितो. काल औरादकडची एक पोरगी तान्हं घेऊन आली. पोट फुगलेलं, लेकरू किंचाळायलं. अक्का म्हणाली, आता मी देत न्हाई, दवाखान्यात जा. ती पोरगी आधी पाया पडली, मग उंबऱ्यात बसली, मग शिव्याशाप. "माझ्याच लेकराच्या वेळी तुझा हात झडला का गं?" अक्कानं दार लावून घेतलं आणि आत बसली. लेकराचं रडणं ऐकू येतच होतं. तिनं दोनदा दाभणाकडं हात नेला, हे मी बघितलं. शेवटी मीच बाहेर जाऊन त्या पोरीला जीपमध्ये बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. लेकरू बरं हाय. अक्काला हे सांगितलं तर म्हणाली, "बरंच होणार. माझ्याकडं बी झालं असतं." तिचा विश्वास अजून गेला न्हाई, शिवप्रसाद. पण दाभण तिनं माझ्या हातात दिला. मी तो बिदरच्या बायांच्या हवाली करणार हाय.

अक्का आणखी एक म्हणते. रेणुका लहानपणी डागाला फार भ्यायची. दारात लेकरू आलं की रानात पळायची, कान झाकून बांधावर बसायची. ती असं कसं करील? रात्रंदिवस हेच विचारायलीय मला. मी काय सांगू?

रेणुकाला सांग, बाप येणार हाय. तुला मारायला न्हाई.

अंकुशराव


कलबुर्गी,
३० डिसेंबर २०२४

तीर्थरूप दाजी, अक्का,

समितीचा निर्णय झाला. बिदरच्या बायांनी तुमच्या बाजूनं लिहिलंय. गुरुवारी दाजींनी आधारकार्ड घेऊन यावं, लेकरू तुमच्या ताब्यात देतील. महिन्याला कुणीतरी येऊन बघून जाईल.

डॉक्टरांनी सांगितलं ते अक्कासाठी लिहितो. या वयात पुष्कळ लेकरांना हा त्रास असतो. संध्याकाळनंतर पाणी कमी द्यायचं, झोपताना एकदा उठवायचं. भीतीनं तो वाढतो. बाकी धीर धरायचा. औषध असं काही नाही, धीरच.

रेणुकाची केस चालेल. ज्योत्स्ना तिला मनाच्या डॉक्टरकडे नेते. सोमशेखर येऊन गेला, दारातूनच दोन शब्द बोलून गेला. तो नांदवेल की नाही, माहीत नाही. रेणुका मला इतकंच म्हणाली, "मामा, तुम्ही आधीच का दार वाजवलं न्हाई?" गच्चीचं कुलूप लिंगराजनं तोडलं. किल्ली लागतच नाही आता.

काल अंबिकाला भेटून आलो. कमलनगरला जायचं म्हटल्यावर तिनं एकच विचारलं, "अज्जा, तिथं आवाज केला तर चालतो का?" मी चालतो म्हणून सांगितलंय. माझा शब्द राखा.

शिवप्रसाद


कमलनगर,
१० जानेवारी २०२५

शिवप्रसाद,

पोरीला घेऊन पोचलो तेव्हाच कळवायला पाहिजे होतं, पण लिहायला बसवंना. आज बसलो.

पहिले काही दिवस अंथरूण कोरडं होतं. अक्का खूश होऊन शेजारी सांगत फिरायली. मला मात्र रेणुकाचं बोलणं आठवायलं, चार दिवस कोरडं, मंग परत.

आज सकाळी ओलं झालं. अंबिका आमच्या आधी उठून बसली होती. वाकळीचं टोक तोंडात. अक्का जवळ गेली, तशी पोरीनं आपणहून सलवार वर केली आणि पोटरी पुढं केली. रडली न्हाई, काही न्हाई. आपण हात पुढं करतो ना प्रसादाला, तशी.

अक्का तिथंच खाली बसली. कितीतरी वेळ तिनं ती पोटरी हातात धरली होती. मग सलवार खाली केली, तोंडातलं वाकळीचं टोक काढलं. म्हणाली, "ऊठ, एक टोक तू धर."

दोघींनी मिळून वाकळ अंगणात नेली आणि दोरीवर टाकली. इथं ऊन भरपूर हाय. मी ओसरीवर बसून हे लिहायलोय आणि पोरगी दोरीखाली उभी हाय. घडीघडी वाकळीला हात लावून बघायलीय, वाळली का. मी दोनदा म्हणालो, वाळंल गं, तू खेळ जा. ती जाईना.

आता अक्का तिच्याजवळ जाऊन उभी राहिलीय.

अंकुशराव